पिराच्या नावाची बट

त्या घराची आठवण मला कायम दुपारची येते. सकाळी तिथं नुसता बाजार भरायचा; पोरांची भांडणं, बादल्यांचा खणखणाट, कुणाचं वाहतं नाक, कुणाची हरवलेली चड्डी. पण मनात राहिलंय ते जेवणानंतरचं घर. खिडक्यांना ओले पंचे लावलेले, पंखा कण्हतोय, चटयांवर पोरं आडवीतिडवी पसरलीत आणि त्यांच्यामधून एक म्हातारी बाई अनवाणी फिरत तिच्या भाषेतलं देवाचं गाणं गुणगुणतेय. त्या गाण्यातला एकही शब्द मला कळत नसे. म्हणूनच की काय, ऐकता ऐकता खुर्चीत माझाही डोळा लागायचा. जाग आली की पटकन उमजायचं नाही, आपण स्टेशनाजवळ आहोत, माहेरी आहोत, की तिच्या देशात.

मी निवृत्त शिक्षिका. औरंगपुऱ्यातल्या घरातून निघून दोन गल्ल्या ओलांडल्या की शाळा, अशी उभी हयात काढली. इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर घराच्या भिंती खायला उठल्या, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "बाई, कोरियातून काही माणसं आलीत. रस्त्यावरच्या मुलांसाठी घर चालवतात. त्यांना दुभाषी पाहिजे. जाल का?" ख्रिस्ती मंडळी आहेत हेही त्यानं सांगितलं. आमचे हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "धर्म बदललास तर आधी सांग. कुलदेवीला कळवावं लागेल."

शंका मलाही होतीच, ती का लपवू? पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पास्टरला तोंडावर विचारलं, "बाटवायला आलात का?" हे सभ्य इंग्रजीत विचारणं अवघड असतं, पण मी विचारलं. तो उंच, लाजाळू माणूस कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "आंघोळ घालायला आणि जेवू घालायला आलोय. प्रार्थना आमची आम्ही करतो." तरी मी बरेच दिवस डोळ्यांत तेल घालून बसले होते. जेवणाआधी ते डोळे मिटायचे, पोरंही मिटायची, कारण त्याशिवाय भात वाढला जायचा नाही. त्यांचं आमेन झालं की एक पोट्टं मागून ठणठणीत आवाजात "गणपती बाप्पा" म्हणायचं आणि सगळी पोरं "मोरया" करायची. त्यांना कुणी कधी दटावलं नाही. हळूहळू माझ्या डोळ्यांतलं तेल संपलं.

गाणं म्हणणारी ती बाई त्या मंडळींमधली सगळ्यात वडीलधारी. बुटकी, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पोरं तिला 'चायना मावशी' म्हणायची. सुरुवातीला ती जीव तोडून सांगायची, "नो चायना, कोरिया!" पोरं मान डोलवायची आणि पुन्हा चायना मावशीच म्हणायची. शेवटी तिनं हात टेकले. मीही तिला मावशीच म्हणायला लागले. वयानं मोठं माणूस, नावानं कसं हाक मारणार? तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मला ते छान कळायचं. ती बोलायची, मी पोरांना मराठीत सांगायची. असं महिनोन्महिने चाललं की शब्द नेमका कुणाच्या तोंडून निघाला तेच आठवेनासं होतं.

शनिवार हा त्यांचा न्हाण्याचा दिवस. रविवारी प्रार्थना, म्हणून आदल्या दिवशी सगळी पोरं घासूनपुसून लख्ख करायची, नखं काढायची, उवा झालेल्यांचे केस कापायचे आणि कापलेले केस मागच्या अंगणात जाळून टाकायचे. उवा पसरू नयेत म्हणून जाळायचे. फार शिस्तीचं काम. मी एकदा म्हटलं होतं, "आमच्याकडं शनिवारी केस कापत नाहीत हो." सगळ्यांनी फार गोड हसून ऐकलं आणि कात्र्या पुढच्या शनिवारीही चालल्या. शनिवारी मी जात नसे. त्या दिवशी माझा मारुती असतो.

आता त्या पोराबद्दल. चार वर्षांचं, काळंसावळं, सदानकदा दुसऱ्याच्या ताटात बघणारं. त्याची आई स्टेशनाजवळच्या पुलाखाली राहायची. बिडकीनकडच्या एका खेड्यातली. ज्यांच्या रानात ती मजुरीला जायची त्यांची रानं कंपन्यांकडं गेली. मालकांना मोबदला मिळाला, हिला काहीच मिळालं नाही, आणि नवऱ्यानं तर गावाच्याही आधी हिला सोडलं होतं. दिवसभर ती भंगारवाल्याकडं बाटल्या निवडायची. सकाळी पोराला आमच्या दारात सोडायची, संध्याकाळी न्यायची. मधे एक शब्द जास्त नाही. पोराचे केस बारीक कापलेले असायचे, फक्त मागच्या बाजूला एक लांब बट राखलेली. तिला काळा दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्यात एक कवडी ओवलेली. पळताना ती कवडी पाठीवर टकटक वाजायची.

आपल्याकडं कुणालाही ती बट बघून कळलं असतं. ती पिराच्या नावाची होती. पैठण रोडला बिडकीनच्या अलीकडं एक लहानसा दर्गा आहे. आसपासची हिंदू कुटुंबंही तिथं नवस बोलतात. लेकरू जगू दे, पाच वर्षांचं झालं की तुझ्या दारात बट उतरवीन, कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे बोकडाचं गावजेवण. बोकड तिच्या भावाकडं वाढत होता. पोरगं पाचवं गाठायला थोडेच महिने उरले होते.

एका सोमवारी मी गेले, तर चायना मावशीनं कौतुकानं मोबाइल पुढं केला. त्यात शनिवारचे फोटो. स्वच्छ पोरं, गोळ्या चोखणारी पोरं, टाळ्या वाजवणारी पोरं. आणि त्यांच्यात ते पोरगं, डोकं तुळतुळीत, पाठीवर काही नाही.

मी विचारलं, "ही बट कुणी कापली?"

"मी," ती म्हणाली. "फार उवा होत्या तिच्यात. हात लावू देत नव्हता, रडायचा. म्हणून झोपल्यावर कापली. हळूच. त्याला कळलंसुद्धा नाही."

तिच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की मला आधी तिचाच राग आला. दुपारची ती ओल्या पंच्यांची सावली, ते गाणं आणि त्या गाण्यात हळूच चालणारी कात्री, असं सगळं डोळ्यापुढं उभं राहिलं. मी तिथं नव्हते, तरी मला ते स्वप्नात बघितल्यासारखं आजही दिसतं. ती बट बाकीच्या केसांबरोबर जाळून टाकली होती, कवडीसकट.

मी तिला नवस म्हणजे काय ते सांगितलं. पीर सांगितला, पाच वर्षं सांगितली, बोकड सांगितला. ती ऐकत होती आणि तिचा गोल चेहरा माझ्यासमोर उतरत चालला होता. मग तिनं सांगितलं, शनिवारी संध्याकाळी पोराची आई आली, पोराकडं बघितलं, एक अक्षर न बोलता त्याला कडेवर घेतलं आणि गेली. सोमवारी पोरगं आलंच नव्हतं.

आम्ही दोघी पुलाखाली गेलो. पोराची आई बसली होती, मांडीवर पोरगं, पोराला ताप. हात लावायची गरज नव्हती, लांबूनच त्याचे डोळे सांगत होते. मावशीनं हात पुढं केला तसं आईनं पदर ओढून पोराला झाकलं.

"हात नको लावू म्हनावं तिला. माह्या लेकराचा जीव काढला तिनं."

मी म्हटलं, "अगं, साथ आहे तापाची. घरोघरी आहे. दवाखान्यात चल आधी."

"आधी पिराचं. मग दवाखाना."

मला राग येतो तेव्हा माझ्यातली मास्तरीण उभी राहते. मी ओरडलेच, "पोर तापानं फणफणतंय आणि तुला पीर सुचतोय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

ती माझ्यावर ओरडली नाही. खाली बघत म्हणाली, "बाई, ह्याच्या आधी दोन गेले माहे. दोघांच्या टायमाला डाक्टर व्हताच की. हा पिरानं राखला."

मी बाजूला बघितलं. पुलावरून गाड्या जात होत्या आणि खाली ते सगळं जग थरथरत होतं, आणि मला वाटलं, हिच्या आयुष्यात स्थिर असलेली गोष्ट ती एवढीच बट होती.

मी मऊ होऊन विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?"

"जिनं कापली तिनं यावं. पिराम्होरं डोकं टेकावं आन् आपल्या तोंडानं सांगावं, म्या कापली, लेकराच्या आईनं न्हाई. मंग त्याचा राग माह्या लेकरावर येनार न्हाई. तवर म्या कुठं न्हेनार न्हाई ह्याला."

मी मावशीला इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं, डोकं टेकण्याचंही. मधलं गाळायचा मोह झाला होता. पण मी मुलांना आयुष्यभर सांगत आले की भाषांतरात पदरचं घालू नये आणि पदरात लपवूही नये. मग आता कशी लपवू?

आम्ही दोघी परत मुलांच्या घरी आलो. त्यांच्यात एक तरुण नर्स होती. तिनं तापाचं औषध दिलं, ते घेऊन मी पुन्हा पुलाखाली गेले, आणि निदान तेवढं तरी आईनं माझ्या हातून पोराला पाजू दिलं. पण ताप उतरून पुन्हा चढत होता. पास्टर आणि मावशी बोलत बसले. त्यांच्या भाषेत बोलत होते, तरी भांडण चाललंय हे कळायला भाषा लागत नाही. तो हळू आवाजात तेच तेच बोलत होता. ती शर्टाच्या बाहीला पीळ घालत होती. शेवटी तो माझ्याकडं वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "हिला तिथं वाकता येणार नाही. आमच्या देवाशिवाय कुणापुढंही वाकायचं नाही, यासाठी हिनं काय काय सोसलंय तुम्हाला माहीत नाही."

"आणि पोरगं?" मी विचारलं.

वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मावशी उठली, कपाटातून एक ओढणी काढली, डोक्यावरून घेतली आणि मला म्हणाली, "रिक्षा बोलवा. मी सांगायला जातेय. माफी मागायला कुठल्याही दारात जाता येतं. डोक्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही."

पुलाखालून आईला घेतलं. रिक्षात आम्ही तिघी आणि ते पोरगं. आई एका कडेला, मी मधे, मावशी दुसऱ्या कडेला. ऑक्टोबरचं ऊन, अंगाची लाही लाही. शहर संपता संपत नव्हतं. रस्त्याचं काम चालू, धूळ, कंपन्यांच्या लांबच लांब भिंती, मधेच एखादं कपाशीचं रान, पांढरी बोंडं फुटलेली, आणि परत भिंत. धुळीमुळं सगळं दुधात कालवल्यासारखं दिसत होतं. पोरगं झोपेत काहीतरी पुटपुटत होतं. माझ्या दोन्ही बाजूंना दोन बाया, आणि दोघीही आपापल्या मनात काहीतरी म्हणत असाव्यात, कारण दोघींचे ओठ हलत होते. मला वाटत होतं, ही रिक्षा कुठंच पोचणार नाही, आपण असेच जात राहणार.

मधेच मावशी बोलायला लागली. समोर बघत, अगदी हळू. तिच्या देशात माणूस गेलं की त्याचा फोटो टेबलावर ठेवतात, उदबत्ती लावतात, आणि घरातला प्रत्येक जण फोटोपुढं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून दोनदा वाकतो. ती तरुणपणीच ख्रिस्ती झाली होती. मेलेल्यांपुढं वाकायचं नाही असं तिच्या लोकांनी शिकवलेलं. आई गेली तेव्हा ती गावी गेली. फोटोपुढं उभी राहिली आणि वाकली नाही. उभ्या उभ्या प्रार्थना केली. भावानं तिच्या चपला रस्त्यावर फेकल्या. त्यानंतर त्या घरानं तिला दार उघडलं नाही.

"माझ्या आईपुढं मी वाकले नाही," ती म्हणाली, "आणि आता एका अनोळखी माणसाच्या थडग्यापुढं वाकू?"

ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "सब ठीक है ना, आपा?" मी हो म्हटलं, कारण त्याला काय काय सांगणार?

दर्गा अगदी साधा. लिंबाचं मोठं झाड, त्याखाली चुन्यानं रंगवलेली एक खोली, आत हिरवी चादर घातलेली मजार. बाहेर बाजेवर मुजावर, म्हणजे तिथली व्यवस्था बघणारे म्हातारे गृहस्थ, दुपारच्या झोपेत होते. कोंबड्यासुद्धा सावलीला पेंगत होत्या. आम्ही उभ्या राहिलो तशी त्यांनी एक डोळा उघडला. मी झालेलं सांगितलं. त्यांनी मावशीकडं खालून वर बघितलं.

"इनो काटे? इत्ते दूर से आके?" ते म्हणाले आणि चक्क हसले. मग आईकडं वळले. "अम्मा, बाबा किसी का बच्चा नहीं लेते. तुमको कौन बोला? फिकर नक्को करो."

आईनं मान हलवली. "ते तुमी म्हनता, चाचा. जिनं कापली तिनं म्हनलं पायजे."

त्यांनी खांदे उडवले आणि आम्हाला उंबऱ्यापर्यंत नेलं. बायकांना तिथपर्यंतच जाता येतं. आई पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या एका बाजूला भिंतीला टेकून बसली. मावशीनं बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि उंबऱ्याशी उभी राहिली. हात जोडले. मी शेजारी उभी, भाषांतराला तयार. तिनं बोलायला सुरुवात केली आणि मला कळलं की आज माझं काम नाही. ती तिच्या भाषेत बोलत होती.

बराच वेळ बोलली. आवाज आधी सरळ होता. मग मधे एक शब्द आला आणि त्या शब्दाशी तो अडखळला, परत निघाला, परत तिथंच अडखळला. आतून उदाचा वास येत होता, लिंबाच्या काड्या अंगावर पडत होत्या. मला तिची ती दुपारची गाणी आठवली, आणि वाटलं की ही सगळी पोरं झोपवणारी बाई आज स्वतःच कुठल्यातरी झोपेतून बोलतेय.

ती थांबली. मुजावरांनी मला हळूच विचारलं, "क्या बोलीं?"

"मलाही नाही कळलं," मी म्हटलं.

"चलेगा. जिनसे बोलीं उनो समझ लिए."

पण आई थांबली होती. तिची नजर मावशीच्या कपाळावर होती. "डोकं टेकव म्हनावं," ती म्हणाली.

मी ते सांगितलं. शब्दाला शब्द. मला ते सांगताना लाज वाटत होती, आणि न सांगण्याचीही हिंमत नव्हती.

मावशी उंबऱ्याकडं बघत राहिली. मी तिच्या मानेकडं बघत होते. ती मान वाकेल असं वाटलं, नाही वाकली. मग तिनं एक पाऊल मागं घेतलं. दुसरं घेतलं. मी मनात म्हटलं, संपलं, ही निघाली. आईच्या तोंडाचा रंग उडाला.

मावशी निघाली नव्हती. ती वळून आईसमोर आली. भिंतीला टेकून बसलेल्या, प्लास्टिकची चप्पल शेजारी काढून ठेवलेल्या, बाटल्या निवडून बोटं चिरलेल्या त्या पोरसवदा बाईसमोर. तिनं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून कपाळाशी नेले, सावकाश गुडघ्यावर आली, मातीत बसली आणि वाकत वाकत खाली गेली. तिचं पांढऱ्या केसांचं डोकं त्या बाईच्या पायापाशी धुळीला लागलं. आणि ती तशीच राहिली.

मग आईनं विंचू दिसावा तसे पाय पोटाशी ओढून घेतले.

"आगं ए! उठ, उठ की! आईवानी हायेस तू मला, पाप लावती का?" तिनं एका हातानं पोर सावरलं आणि दुसऱ्या हातानं मावशीचा खांदा धरून तिला वर ओढायला लागली. मावशी उठेना. आई माझ्याकडं बघून ओरडली, "बाई, सांगा ना हिला! झालं म्हनावं. पोचलं. पोचलं म्हनावं पिराला!" आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, गळा काढून. त्या दोन पोरांच्या वेळचंही त्यात असावं. मीही रडले. मुजावर चाचा तोंड फिरवून लिंबाकडं बघत उभे राहिले.

मग आईनं नाक पुसलं, पोराच्या कपाळावर उदीचं बोट लावलं आणि म्हणाली, "चला आता डाक्टरकडं. उशीर नगं."

पुढं डेंगी निघाला, दवाखान्यात मुक्काम पडला आणि पोरगं धडधाकट उठून घरी आलं, हे इथंच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. डॉक्टरांनी आम्हाला चार शब्द सुनावले, ते आम्ही खाली मान घालून ऐकून घेतले. कंदुरीचं पुढं काय झालं तेही विचारू नका. त्या बोकडाचं आणि पास्टरचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. मला सांगायचंय ते परतीच्या रिक्षातलं.

ऊन कलायला लागलं होतं. यावेळी बसताना क्रम बदलला. आई मधे बसली, मी कडेला. कपाशीची रानं आता सोनेरी दिसत होती, भिंतीही तेवढ्या वाईट दिसत नव्हत्या. मला पेंग येत होती, आणि त्या पेंगेतच मावशीचा आवाज ऐकू आला. ती इंग्रजीत बोलत होती, पण माझ्याशी बोलत नसावी.

"मेलेल्यांपुढं वाकू नको, असं मला शिकवलं," ती म्हणाली. "ते मी पाळलं. पण मी ख्रिस्ती झाले, घरी भांडण झालं, त्यानंतर माझी आई बारा वर्षं त्याच घरात जिवंत होती. दर नव्या वर्षाला आमच्याकडं लेकरं आईवडिलांपुढं वाकतात, जिवंत आईवडिलांपुढं. त्याला माझ्या देवानं कधीच मना केलं नव्हतं. रुसून मी घरीच गेले नाही."

पोराच्या आईनं कोपरानं मला डिवचलं. "काय म्हनती ती?"

मी सांगितलं. यावेळीही काही गाळलं नाही.

तिनं ऐकून घेतलं. कळलं की नाही, चेहऱ्यावरून समजेना. बाहेर बघत बसली. एक भिंत गेली, एक रान गेलं. मग तिनं मांडीवरचं ते तापलेलं, झोपलेलं पोरगं दोन्ही हातांनी उचललं आणि चायना मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"धर म्हनावं," ती मला म्हणाली. "माहे हात भरून आले."